पाळणाघराचं सहावं उद्घाटन

आमच्या विद्यापीठात कुलगुरू बदलला की पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी बदलतात: दालनाचे पडदे, गाडीचा ड्रायव्हर आणि लोकांची मतं. हे मी ऐकीव सांगत नाही. कुलगुरूंच्या दालनाबाहेरच्या खोलीत टायपिस्ट म्हणून माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आधी खडखडणारं मशीन होतं, मग संगणक आला, पत्रांतली वाक्यं मात्र तीच राहिली. "या कार्यात आपले सहकार्य मोलाचे आहे" आणि "हे तत्काळ थांबवावे" ही दोन वाक्यं मी डोळे मिटून टाइप करू शकते. बहुतेक वेळा ती एकाच माणसाला, थोड्या अंतराने जातात.

पण मला माझं रडगाणं गायचं नाही. माझ्या थोरल्या बहिणीबद्दल सांगायचंय. तिला सगळं विद्यापीठ माई म्हणायचं, म्हणून मीही माईच म्हणते. माईने आयुष्यभर विद्यापीठाचं पाळणाघर चालवलं, आणि तिला एकच गोष्ट हवी होती, ते बंद पडू नये. बाकी तिने कधी काही मागितलं नाही. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच गेला. स्वतःचं मूल नाही. कुणी त्यावरून हळहळलं की म्हणायची, "दिवसभर तीस असतात बाई, रात्री तरी झोपू द्या की."

माई अठराव्या वर्षी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली. त्याच नळावर तिच्याबरोबर आणखी एक बाई होती. ती बाळंत झाली, घरी मूल सांभाळायला कोणी नाही, तेव्हा दोन महिन्यांचं पोर काखोटीला मारूनच कामावर यायला लागली. पोराला ठेवायचं कुठे? काचसामान ज्या खोक्यांतून यायचं त्यातलं एक रिकामं करून माईने त्यात जुनी चादर अंथरली आणि पोर त्यात निजवलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, "काच. जपून हाताळा."

एके दिवशी कुलगुरू पाहणीला आले. पुढे ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणायला लागले, ते हे. त्यांना खोकं हललेलं दिसलं. "यात काय आहे?" त्यांनी विचारलं. विभागप्रमुखांची बोबडी वळली. माईने सरळ सांगून टाकलं, "बाळ आहे साहेब. शहाणं आहे, रडत नाही."

साहेब वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "अशी आणखी किती खोकी आहेत इथे?" शोध घेतला तर एक पोर टपालाच्या टेबलाखाली सापडलं, एक ग्रंथालयाच्या जिन्याखाली, आणि एक तर परीक्षा विभागातल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर झोपलेलं. महिन्याभरात त्यांनी पाळणाघराला एक मोठी खोली दिली, पुढे व्हरांडा, मागे मोरी. खोक्यातल्या पोराला माई चिमणा म्हणायची. पाळणाघरात पहिला पाय त्याचा, म्हणजे पायही नाही, तो तेव्हा रांगतसुद्धा नव्हता.

माईची नेमणूक मात्र झाली नाही. तिला मानधन मिळायचं. "पद मंजूर करून घेऊ," थोरले साहेब म्हणाले, आणि त्यांची मुदत संपली. नंतरच्या प्रत्येकाने तेच म्हटलं आणि प्रत्येकाची मुदत संपली. माई त्यावरही हसायची. जिथे नेमणूकच नाही तिथे निवृत्ती कुठली, म्हणायची. खरंच, साठी उलटली तरी तिला कुणी घरी जा म्हटलं नाही.

थोरल्या साहेबांनंतर जे आले त्यांना आम्ही मोजपट्टी साहेब म्हणायचो. ते खोलीत शिरले की आधी तिची लांबी-रुंदी विचारायचे. त्यांच्या स्वागताला माई फुलं घेऊन गेली आणि भोळेपणाने म्हणाली, "साहेब, थोरल्या साहेबांनी लावलेलं झाड आहे हे. तुम्ही पाणी घाला." बास. पंधरा दिवसांत पाळणाघर व्हरांड्याच्या खोलीतून उचलून क्रीडासाहित्याच्या कोठीमागे गेलं. तिथे खिडकी एकच होती आणि तिच्यातून फुटबॉलचा वास यायचा.

तेव्हा आमच्या कार्यालयातल्या जुन्या शिपायाने माईला बाजूला घेतलं. माणूस मोठा बेरकी. त्याने मला आणि माईला एकत्रच समजावलं, "हे बघा बाई, नव्या नवरीपुढे पहिलीचं कौतुक करतात का कधी? गेलेल्याचं नाव घ्यायचंच नाही. नव्याला वाटलं पाहिजे की हे त्याच्याच डोक्यातून निघालं."

"म्हणजे खोटं बोलायचं?" माई म्हणाली.

"खोटं कशाला? गप्प बसायचं. गप्प बसायला कुठे काय लागतं?"

तेव्हापासून आमच्या विद्यापीठात एक रीत पडली. ती कुठल्या नियमावलीत नाही, पण सगळ्यांनी पाळली. नवा कुलगुरू येणार असं कळलं की आम्ही पाळणाघराची पाटी काढून ठेवायचो. मुलं आठवडाभर आपापल्या आयांच्या टेबलांखाली. मग कर्मचारी संघटना अर्ज द्यायची: महिलांच्या सोयीसाठी एक पाळणाघर सुरू व्हावं, अशी नम्र विनंती. नवे साहेब भुवया उंचावायचे. "अरे, इतकी वर्षं इथे पाळणाघर नाही?" त्यांच्या आवाजात काय तो आनंद असायचा! मग जागेची पाहणी. क्रीडा कोठीमागे एक खोली योगायोगाने रिकामी, स्वच्छ, आणि भिंतीवर योगायोगाने ससे आणि हत्ती रंगवलेले. फीत कापायची, भाषण व्हायचं. माई मागे उभी राहून टाळ्या वाजवायची आणि फीत कापून झाली की त्याच फितीने मुलींच्या वेण्या बांधायची.

असं पाच वेळा उद्घाटन झालं. पाच जणांच्या नावांच्या पाच कोनशिला बसल्या. नवी बसवायची म्हणून जुनी काढायची, आणि काढलेल्या मोरीत कपडे आपटायला उपयोगी पडायच्या. अमुक तमुक यांच्या शुभहस्ते, यावर माई लंगोट धुवायची. आम्ही हसून हसून लोळायचो.

हसायचो, पण मला आत कुठेतरी राग यायचा. माईने काम करायचं आणि दर पाच वर्षांनी तिने आपणच आपल्याला पुसून टाकायचं. मी तसं बोलून दाखवलं की ती म्हणायची, "अगं, पोरांना कळतं का कुणी फीत कापली ते? त्यांना दूध वेळेवर लागतं."

दोन कुलगुरूंच्या मध्ये प्रभारी यायचे. प्रभारी म्हणजे दुसऱ्याच्या घरी उतरलेला पाहुणा, भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. त्या काळात पाळणाघराला दूध माई स्वतःच्या मानधनातून आणायची, कारण बिलावर सही कोण करणार?

मग चिमणा आला.

आधी बातमी आली की नवे कुलगुरू कमी वयाचे आहेत, परदेशात शिकलेले. मग नाव कळलं. माईने ते दोनदा विचारलं, आईचं नाव विचारलं, आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. "अगं, हा माझा खोक्यातला चिमणा," ती म्हणाली. तिच्या तोंडावर असा उजेड मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. चिमण्याची आई केव्हाच गेली होती. तो शाळेत जाईपर्यंत माईकडे होता, मग वसतिगृहात गेला आणि त्यानंतर त्याची काही खबर नव्हती.

रिवाजाप्रमाणे मी म्हटलं, "पाटी काढूया ना?"

"पाटी?" माई माझ्यावर खेकसली. "त्याच्यापुढे कसलं नाटक करायचं? पाळणाघर काय आहे ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?" मग हळूच म्हणाली, "आता पदही मंजूर करेल बघ. माझ्यासाठी नाही, माझ्यामागे येईल तिच्यासाठी. मी मेले तरी मग चालू राहील."

जुना शिपाई तोवर निवृत्त होऊन गावी गेला होता, नाहीतर त्याने तिला आवरलं असतं. मला तिला आवरावंसं वाटलं नाही. मलाही वाटलं, एवढ्या वर्षांत एकदा तरी आपला माणूस आलाय.

स्वागत समारंभ मोठ्या सभागृहात झाला. परिचय करून देणाऱ्या प्राध्यापकांनी वाचलं की कुलगुरूंचा जन्म शिक्षणाची परंपरा लाभलेल्या घराण्यात झाला. तो मजकूर त्यांच्याकडूनच आला होता, मीच टाइप केला होता. वाचताना मला काही खटकलं नाही. असल्या परिचयांत प्रत्येकाचं घराणं थोरच असतं.

मग कर्मचाऱ्यांतर्फे माई फुलं द्यायला गेली. फुलं दिली, आणि खाली उतरायच्या ऐवजी माइकसमोर गेली. माईला माइकची सवय नव्हती, ती त्यात ओरडूनच बोलायची, जसं मोरीतून मुलांना हाक मारावी तसं.

"हा साहेब झाला म्हणून काय झालं," ती म्हणाली, "हा माझा चिमणा आहे. याची आई आणि मी एकाच नळावर बाटल्या धुवायचो. हा खोक्यात झोपायचा, काचसामानाच्या. चार वर्षांचा होईस्तोवर गादी ओली करायचा, आणि मी दुसऱ्या पोराला घेतलं की माझ्या दंडाला चावायचा. अजून वण आहे, बघा!" आणि तिने दंड वर केला.

सभागृह खदखदून हसलं. प्राध्यापक हसले, अधिकारी हसले. मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनी तर शिट्ट्या मारल्या. माईला वाटलं, सगळे आपल्या आनंदात सामील आहेत. मी पहिल्या रांगेच्या टोकाला होते. मी चिमण्याकडे बघत होते. तोही हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. परिचय वाचणारे प्राध्यापक आपल्या हातातल्या कागदाकडे बघत होते. मग चिमणा उठला, माईच्या खांद्यावर हात ठेवून तिला पायऱ्यांपर्यंत पोचवून आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे कितीतरी दिवस विद्यार्थी भिंतींवर खोकी काढत होते, त्यावर "कुलगुरू. जपून हाताळा," असं लिहीत होते.

दीड महिन्याने आदेश निघाला. क्रीडा कोठीमागील खोली अग्निसुरक्षेच्या दृष्टीने लहान मुलांसाठी योग्य नसल्याने तेथील उपक्रम तत्काळ थांबवावा. मानधन त्या तारखेपासून बंद. हा आदेश माझ्याकडे टायपिंगला आला. मी तो टाइप केला. न करून काय करणार होते? मी नसता केला तर पलीकडच्या टेबलावर झाला असता. "उपक्रम" या शब्दाशी माझी बोटं थांबली. इतक्या वर्षांत पाळणाघराला मी कितीतरी नावं दिली होती, पण उपक्रम?

माईला मी घरी सांगितलं. ती रडली नाही. "त्याला भेटते," म्हणाली. "खोली वाईट आहे हे खरंय. दुसरी देईल."

ती दोन दिवस बाहेरच्या बाकावर, माझ्या टेबलासमोर बसून होती. तिसऱ्या दिवशी त्याने आत बोलावलं. दार अर्धं उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"माई, तुम्ही खूप केलंत," तो म्हणाला. आवाज गोड. "आता विश्रांती घ्या."

"मला विश्रांती नको रे. पोरं परत टेबलांखाली गेली. कुठलीही खोली दे. जिन्याखालची दे."

"ते धोरणात बसत नाही."

माई म्हणाली, "मी त्या दिवशी बोलले ते चुकलं का?"

"छे छे. तसं काही नाही," तो म्हणाला, आणि त्याने घंटी वाजवली. ती घंटी पुढच्या भेटीसाठी होती. मी उठून पुढच्या माणसाला आत सोडलं आणि माझ्या बहिणीला बाहेर आणलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणतात ना, तसं झालं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर माईने पुन्हा अर्ज केला असता, पाटी लपवली असती, युक्ती काढली असती. चिमण्याविरुद्ध तिला काही करताच आलं नाही. त्याच्याबद्दल एक वाईट शब्द तिने मलाही काढू दिला नाही. दोष द्यायचाच तर स्वतःच्या जिभेला द्यायची. "मी घालवलं. माझ्या जिभेने घालवलं," हे ती जेवताना म्हणायची, अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणायची. मी तिला सांगायचे, अगं, त्याला ती जागा हवीच होती, तो बंद करणारच होता. ती माझ्याकडे बघायची. "मग आधीच्या पाच जणांनी का नाही केलं?" खरं सांगायचं तर मलाही वाटतं की तिच्या बोलण्यानेच गेलं. मी हे तिला कधी म्हटलं नाही, पण तिला ते माझ्या तोंडावर दिसत असणार.

ती खोली पुढे रिकामीच राहिली. तिथे मोडक्या खुर्च्या टाकल्या. ससे-हत्ती तसेच होते, खुर्च्यांच्या पायांमधून दिसायचे. माई घरी बसून लहान चादरींच्या घड्या घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. रस्त्यात एखादी बाई पोराला घेऊन दिसली की ही तोंड फिरवायची. ज्या बाईने जन्मात कुठल्या पोराकडे पाठ केली नव्हती, तिने.

चिमणा मुदतीच्या आधीच आणखी मोठ्या जागेवर गेला. निरोप समारंभात चांगलं बोलला. या मातीचं ऋण वगैरे. मग वर्षभर प्रभारी, आणि मग एक बाई कुलगुरू म्हणून आल्या. आमच्याकडच्या पहिल्याच बाई. मनाने चांगल्या. आल्या आल्या त्यांनी स्वतःहून विचारलं, "इथे बायकांसाठी पाळणाघर कसं नाही?" यावेळी कुणी अर्जही दिला नव्हता.

मी त्या दिवशी धावत घरी आले. "माई, मी बाईंना तुझं सगळं सांगते. त्या ऐकतील. तुला बोलावतील."

माई चादर ठेवून उठली आणि तिने माझा हात घट्ट धरला. "खबरदार," ती म्हणाली. "माझं नाव काढशील तर. चिमण्याचं नाही, थोरल्या साहेबांचं नाही, कुणाचंच नाही. त्यांना वाटू दे, त्यांचंच आहे. तेव्हा ते चालेल."

"आणि तू?"

"मी एकदा बोलले ना. पुरे झालं."

मी तिचं ऐकलं. कार्यालयात आणखी दोघं-तिघं जुनी होती, त्यांनाही मी तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. कोठीमागच्या खोलीतून खुर्च्या निघाल्या, भिंतींना पांढरा रंग लागला. काम ठेकेदाराकडे गेलं. त्याने गणवेशातल्या दोन शिकलेल्या मुली नेमल्या. बाईंचं उद्घाटनाचं भाषण माझ्याकडे टायपिंगला आलं. त्यात होतं, "विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच." मी अक्षरही बदललं नाही.

उद्घाटनाला माई आली. मी नको म्हटलं होतं. नेहमीसारखी मागे उभी राहिली आणि फीत कापल्यावर टाळ्या वाजवल्या. नंतर पाहुणे आत फिरत होते, तेव्हा ती दारातच थांबली. आत एक पोर नव्या मुलीच्या कडेवर रडत होतं, माईचे हात जरासे वर आले आणि खाली गेले. तेवढ्यात बाई बाहेर येताना तिच्याजवळ थांबल्या. त्यांना वाटलं, कुणाची तरी आजी असेल.

"आजी, तुमचं नातवंड आहे का इथे?"

"नाही हो. मी आपली बघायला आले."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. मी त्यांच्या मागे फाइल धरून उभी होते, आणि मला जमिनीकडे बघावं लागलं. "तुमच्या वेळी असं काही असतं तर किती बरं झालं असतं, नाही का?" बाई अगदी मनापासून म्हणाल्या.

"हो ना," माई म्हणाली. "फार सोय झाली असती."